मराठीतील द्रवीभवनवाचक क्रियापदे

द्रवीभवनवाचक क्रियापदे म्हणजे घट्ट होणे, गोठणे, थिजणे, साकळणे किंवा विरजणे या क्रियांच्या उलट अर्थ दाखवणारी मराठी क्रियापदे होत. विरघळणे, वितळणे, पाघळणे, विरणे, द्रवणे, निवळणे, पातळ होणे, सैल होणे आणि पाणी सुटणे ही त्यांतील प्रमुख आहेत. शालेय व्याकरणात 'गोठणे × वितळणे' किंवा 'घट्ट × पातळ' अशा जोड्या पाठ करून घेतल्या जातात. प्रत्यक्ष भाषाव्यवहारात मात्र घट्ट होण्याच्या सर्व क्रियांना पुरेल असा एकच विरुद्धार्थी शब्द मराठीत नाही. कोणता पदार्थ, कोणत्या कारणाने आणि किती प्रमाणात पातळ झाला, यावर शब्दाची निवड ठरते. काही क्रियांना तर विरुद्धार्थी क्रियापदच नाही. ही निवड स्वयंपाकघरापुरती मर्यादित नसून विज्ञानाची परिभाषा आणि वैद्यकीय संवाद यांतही तिला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी: घट्ट होण्याचे प्रकार

विरुद्धार्थी शब्दांचा विचार करण्यापूर्वी मूळ शब्दांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

गोठणे: थंडीमुळे द्रव पदार्थ घन होणे. पाण्याचा बर्फ होतो तेव्हा पाणी गोठते. जखमेतून वाहणाऱ्या रक्तासाठीही हाच शब्द वापरतात. तेथे मात्र कारण थंडी नसून रासायनिक प्रक्रिया असते.

थिजणे: स्निग्ध पदार्थ गारव्याने घट्ट होणे. तूप आणि खोबरेल तेल थिजते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. त्यामुळे मराठवाड्यासारख्या प्रदेशात हिवाळ्याच्या सकाळी तेलाची बाटली उन्हात ठेवण्याची रीत आहे.

साकळणे: पसरलेला द्रव एका जागी जमून दाट होणे. मुका मार लागल्यावर त्वचेखाली रक्त साकळते.

आटणे व आळणे: उष्णतेने पाण्याचा अंश कमी होऊन पदार्थ दाट होणे. बासुंदीसाठी दूध आटवतात. पिठले किंवा वरण शिजताना आळते.

विरजणे: विरजणातील जिवाणूंमुळे दुधात आम्ल तयार होऊन दही लागणे.

नासणे, फाटणे, फुटणे: दुधातील घट्ट भाग आणि पाणी वेगळे होणे.

शेवटच्या गटातील शब्द विशेष आहेत. दूध नासते तेव्हा त्यातील प्रथिने एकत्र येऊन गोळे होतात, म्हणजे एका अर्थाने पदार्थ घट्टच होतो. तरीही मराठी भाषक या घटनेला 'फाटणे' किंवा 'फुटणे' म्हणतात, कारण त्यांचे लक्ष एकजीव दूध मोडले याकडे असते. दही मुद्दाम लावले जाते, म्हणून त्याला 'लागणे' हे क्रियापद जोडले जाते. एकाच प्रकारच्या रासायनिक घटनेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि म्हणून त्यांचे विरुद्धार्थही वेगळे होतात.

प्रमुख क्रियापदे

विरघळणे

घन पदार्थ द्रवात मिसळून दिसेनासा होणे, हा या क्रियापदाचा मुख्य अर्थ आहे. या क्रियेला दोन पदार्थ लागतात. पाण्यात मीठ विरघळते, चहात साखर विरघळते. बोलीभाषेत 'बर्फ विरघळला' असाही प्रयोग होतो आणि तो रूढ आहे. मात्र विज्ञानाच्या लेखनात तो टाळला जातो. प्रयोजक रूप 'विरघळवणे'.

वितळणे

उष्णतेमुळे घन पदार्थाचा द्रव होणे. या क्रियेला एकच पदार्थ पुरेसा असतो. बर्फ, मेण, शिसे आणि सोने वितळते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'साखर पाण्यात वितळते' असे वाक्य आढळते. ते चुकीचे आहे, कारण साखर तेथे उष्णतेने द्रव झालेली नसून पाण्यात मिसळून गेलेली असते. कोरडी साखर कढईत तापवून तिचा तपकिरी रस होतो, तेव्हा ती वितळली असे म्हणता येते. प्रयोजक रूप 'वितळवणे'.

पाघळणे

मऊ होऊन ओघळू लागणे. वितळणे पूर्ण होण्याआधीची ही अवस्था आहे. हिंदीतील 'पिघलना' या क्रियापदाशी त्याचे साम्य स्पष्ट दिसते. कुल्फी पाघळते, मेणबत्ती पाघळते. पावसाळ्यात गूळ पाघळतो. येथे कारण उष्णता नसून हवेतील दमटपणा असतो. गूळ हवेतील पाणी शोषून घेतो आणि त्याचा पृष्ठभाग चिकट व पातळ होतो. स्तुतीने किंवा विनवणीने पटकन नमणाऱ्या माणसाबद्दलही 'तो लगेच पाघळला' असे म्हणतात.

विरणे

हळूहळू विरळ होत नाहीसे होणे. ढग विरतात, आवाज विरतो, वापरून वापरून धोतर विरते. या शब्दात द्रव होण्यापेक्षा दाटपणा नष्ट होण्यावर भर आहे. 'दाट × विरळ' ही विशेषणांची जोडी याच अर्थाची आहे.

द्रवणे

संस्कृत 'द्रु' (धावणे, वाहणे) या धातूशी संबंधित शब्द. आजच्या मराठीत तो पदार्थांपेक्षा मनासाठी अधिक वापरला जातो. 'द्रव', 'द्रावण', 'द्रावक', 'द्राव्य' आणि 'द्रवणांक' हे पारिभाषिक शब्द याच धातूपासून तयार झाले आहेत.

पाणी सुटणे

पदार्थातील किंवा हवेतील ओलावा बाहेर दिसू लागणे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, चिरलेल्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटते, शिळ्या दह्यालाही पाणी सुटते. पहिल्या उदाहरणात पाणी बाहेरून येते, इतर दोन्हींत आतून. भाषेने मात्र तिन्हींना एकच शब्द दिला आहे.

निवळणे

गढूळ किंवा दाट द्रवातील गाळ खाली बसून वरचा भाग स्वच्छ होणे. 'गढूळ × निवळ' ही विशेषणांची जोडी आहे. वरणाच्या किंवा ताकाच्या वर येणाऱ्या पातळ पाण्याला 'निवळ' किंवा 'निवळी' म्हणतात. शालेय प्रयोगशाळेतील 'चुन्याची निवळी' हे याच शब्दाचे प्रसिद्ध उदाहरण होय. कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर ती दुधाळ होते.

निवळण्याची क्रिया शास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी व वडीगोद्रीच्या परिसरात गोदावरीखोऱ्यातील काळी माती आहे. अशा मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात आणि केवळ पाणी स्थिर ठेवल्याने लवकर खाली बसत नाहीत. अशा वेळी पाण्यात तुरटी फिरवतात किंवा निवळीच्या झाडाची बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळतात. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात व जड होऊन तळाशी बसतात. म्हणजे कण साकळतात, तेव्हाच पाणी निवळते. साकळणे आणि निवळणे हे अर्थाने विरुद्ध शब्द येथे एकाच घटनेच्या दोन बाजू ठरतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी वापरण्यामागेही हेच तत्त्व आहे.

'निवळणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप रोजच्या बोलण्यात क्वचितच येते. पाणी 'निवळू देतात' किंवा 'निवळत ठेवतात'. क्रिया घडवणाऱ्यापेक्षा वाट पाहण्याला तिच्यात अधिक स्थान आहे.

एकाच शब्दाचे अनेक विरुद्धार्थ

'घट्ट' या विशेषणाला किमान दोन स्वतंत्र विरुद्धार्थी शब्द आहेत. ताक घट्ट असेल तर त्याचा विरुद्धार्थ 'पातळ', आणि गाठ घट्ट असेल तर 'सैल'. बांगडी पातळ असू शकते व त्याच वेळी घट्टही असू शकते. म्हणून संदर्भ न देता 'घट्ट'चा विरुद्धार्थी शब्द विचारणे हा प्रश्नच अपुरा ठरतो.

'आटणे' या शब्दाचीही तीच स्थिती आहे. विहीर आटते तेव्हा तिच्या उलट विहीर भरते. गाईचे दूध आटते तेव्हा त्याच्या उलट तिला पान्हा फुटतो. बासुंदी जास्त आटली तर तिच्यात दूध घालून ती पुन्हा पातळ करतात.

स्वयंपाकात घट्ट आणि पातळ या दोन टोकांमध्ये अनेक पायऱ्या आहेत. गोळा बांधण्याजोगे पीठ 'घट्ट', त्याहून सैल ते 'मऊ', चमच्यावरून सावकाश पडणारे 'दाटसर', पळीने वाढता येईल असे 'पळीवाढे', सहज पसरणारे 'सरसरीत' आणि पाण्यासारखे वाहणारे 'पातळ'. मापे न सांगता केवळ या शब्दांच्या आधारे पाककृती पुढच्या पिढीकडे सोपवल्या गेल्या आहेत.

विरुद्धार्थी क्रियापद नसलेल्या क्रिया

गोठलेले पाणी पुन्हा वितळते आणि थिजलेले तूप पुन्हा पातळ होते. या क्रिया उलटवता येतात, म्हणून त्यांना विरुद्धार्थी क्रियापदे आहेत. विरजलेले दूध मात्र पुन्हा दूध होत नाही आणि उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. या क्रियांना मराठीत विरुद्धार्थी क्रियापद नाही.

दही 'मोडते' किंवा 'घुसळले जाते', पण त्यातून दूध मिळत नाही; ताक आणि लोणी मिळते. मोडणे हा लागण्याचा व्यावहारिक विरुद्धार्थ आहे, रासायनिक नाही. गाईम्हशीच्या चिकापासून केलेला खरवस हेही असेच उदाहरण आहे. उष्णतेने त्यातील प्रथिनांची रचना बदलते आणि ती एकमेकांत गुंतून घट्ट होतात. थंड केल्याने किंवा पाणी घातल्याने ती पूर्ववत होत नाहीत.

२०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्रेगरी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील लायसोझाइम हे प्रथिन पूर्ववत करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी युरियाने घट्ट भाग द्रव करून, वेगाने फिरणाऱ्या नळीत पातळ थराच्या रूपाने त्यावर ताण देण्यात आला. अंडे पुन्हा खाण्यायोग्य करणे हा त्याचा हेतू नव्हता. प्रयोगशाळेत निरुपयोगी झालेली प्रथिने परत मिळवणे हा होता. या क्रियेसाठी मराठीत रूढ शब्द नाही.

याचे एक कारण शब्दसिद्धीत आहे. कोणत्याही क्रियापदाला एखादा उपसर्ग लावून 'केलेले उलटवणे' असा अर्थ आणण्याची सोय मराठीत नाही. म्हणून मराठीतील उलट क्रिया बहुधा स्वतंत्र शब्दांनी दाखवल्या जातात: बांधणे × सोडणे, शिवणे × उसवणे, झाकणे × उघडणे, गुंतणे × सुटणे. जी उलट क्रिया व्यवहारात कधी घडलीच नाही, तिच्यासाठी शब्द निर्माण होण्याचा प्रसंगही आला नाही.

शास्त्रीय परिभाषा

मराठी विज्ञानलेखनात वितळणे आणि विरघळणे यांतील भेद काटेकोरपणे पाळला जातो. ज्या तापमानाला घन पदार्थ वितळतो त्यास 'द्रवणांक' आणि ज्या तापमानाला द्रव गोठतो त्यास 'गोठणांक' म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी सामान्य दाबाखाली दोन्ही ० अंश सेल्सिअस आहेत. विरघळणाऱ्या पदार्थास 'द्राव्य', ज्यात तो विरघळतो त्यास 'द्रावक' आणि तयार होणाऱ्या मिश्रणास 'द्रावण' म्हणतात.

'विलयन' हा शब्द दोन भाषांत काम करणाऱ्यांचा गोंधळ उडवतो. हिंदीत त्याचा अर्थ 'द्रावण' असा होतो, तर मराठी भौतिकशास्त्रात तो 'वितळणे' या अर्थाने वापरला जातो. 'वि + ली' या संस्कृत धातूपासून आलेल्या या शब्दाचे 'विलीन' हे रूप मराठवाड्याच्या इतिहासाशीही जोडलेले आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाच्या फौजांनी शरणागती पत्करली आणि संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा मार्ग मोकळा झाला. आजचा जालना जिल्हा त्या काळी याच संस्थानात होता. १ मे १९८१ रोजी तो औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा झाला.

वैद्यकातील वापर

'रक्त पातळ होणे' हा या गटातील सर्वाधिक गैरसमज निर्माण करणारा शब्दप्रयोग आहे. हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांना सामान्यतः 'रक्त पातळ करण्याच्या गोळ्या' म्हणतात. परंतु या गोळ्या रक्ताचा दाटपणा कमी करत नाहीत. या शब्दाखाली प्रत्यक्षात तीन वेगळी कार्ये येतात.

पहिले कार्य रक्तकणिकांना एकमेकींना चिकटू न देण्याचे आहे. ॲस्पिरिन ते करते. दुसरे कार्य रक्त गोठण्याची प्रक्रिया मंद करण्याचे आहे. हेपारिन आणि वॉरफरिन ही त्याची उदाहरणे होत. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. त्या चाऱ्यातील घटकाच्या शोधातून पुढे वॉरफरिन तयार झाले. ते १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. तिसरे कार्य आधीच झालेली गुठळी विरघळवण्याचे आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असल्यास असे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

पहिल्या दोन प्रकारची औषधे नवी गुठळी होऊ देत नाहीत. तिसरे जुनी गुठळी मोडते. तिन्हींना 'पातळ करणे' म्हटल्याने हा भेद पुसला जातो. भरपूर पाणी प्यायल्याने तेच काम होईल किंवा रक्त 'आता पुरेसे पातळ झाले' म्हणून गोळी बंद करता येईल, असा समज त्यातून होऊ शकतो. 'गोठणरोधक' आणि 'गुठळी विरघळवणारे' हे शब्द अधिक नेमके आहेत. रक्तपेढीत रक्त द्रव राहावे म्हणून पिशवीत सायट्रेट घातलेले असते. ते रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि कॅल्शियमअभावी रक्त गोठू शकत नाही.

घोणसाचे विष

ग्रामीण महाराष्ट्रात शेतात काम करणाऱ्यांना घोणस या सापापासून मोठा धोका असतो. घोणसाच्या दंशानंतर हिरड्यांतून, लघवीतून किंवा जखमेतून रक्त वाहत राहते आणि 'विषाने रक्त पातळ केले' असे म्हटले जाते. वास्तविक या विषातील घटक रक्त गोठण्याची साखळी बेसुमार वेगाने सुरू करतात. शरीरातील गोठवणारे घटक त्यात खर्च होऊन जातात आणि उरलेले रक्त गोठू शकत नाही. अतिरेकी गोठण्यातूनच न गोठणे उद्भवते.

हे ओळखण्यासाठी रुग्णालयांत एक साधी चाचणी करतात. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि नंतर नळी तिरपी करतात. रक्त तोपर्यंत वाहतेच असेल, तर विष रक्तात भिनल्याचे ते लक्षण मानून प्रतिविष देण्याचा निर्णय घेतला जातो. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर लागू पडते. दंशाची जागा कापणे, तोंडाने विष ओढणे किंवा आवळपट्टी बांधणे हे उपाय अशा वेळी घातक ठरतात. रक्त गोठतच नसल्याने कापलेली जागा वाहत राहते.

लाक्षणिक अर्थ

पदार्थवाचक अर्थातील जोड्या लाक्षणिक अर्थात टिकतातच असे नाही. बँक खाते 'गोठवले' जाते, पण ते नंतर 'वितळवले' जात नाही. ते 'खुले केले' जाते. भारतीय निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेनेचे धनुष्यबाण हे चिन्ह गोठवले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते एका गटाला दिले. या दुसऱ्या घटनेसाठी वितळण्याचा शब्द कोणीही वापरला नाही.

मनासाठी 'द्रवणे', 'विरघळणे' आणि 'पाघळणे' हे तिन्ही शब्द वापरले जातात, परंतु त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. दुसऱ्याच्या दुःखाने मन द्रवते, प्रेमाच्या शब्दाने राग विरघळतो आणि खुशामतीने माणूस पाघळतो. पहिल्यात करुणा, दुसऱ्यात समेट आणि तिसऱ्यात दुर्बलता सूचित होते. भीतीने माणूस 'थिजतो', पण भीती गेल्यावर तो वितळत नाही, 'सावरतो'.

सामाजिक तणावासाठी मराठी वृत्तलेखनात 'निवळणे' हा शब्द रूढ आहे. अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांनी लाठीमार केला आणि राज्यभर त्याचे पडसाद उमटले. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत १४ सप्टेंबर रोजी ते उपोषण सोडण्यात आले. अशा घटनांच्या वर्णनात तणाव 'विरला', 'शमला' आणि 'निवळला' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांच्या छटा मात्र भिन्न आहेत. विरण्यात तणावाचे कारणच नाहीसे झाल्याची सूचना आहे. निवळण्यात वरचे पाणी स्वच्छ दिसत असले तरी गाळ तळाशी शिल्लक असतो आणि ढवळल्यास तो पुन्हा वर येऊ शकतो. मागणी प्रलंबित असताना 'निवळला' हाच शब्द अधिक काटेकोर ठरतो.

कोशगत नोंदी

या गटातील बहुतेक शब्द जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आढळतात. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२–१९३८) त्यांचे पदार्थवाचक व लाक्षणिक अर्थ दिलेले आहेत. पारिभाषिक रूपे निश्चित करण्याचे काम राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतून झाले.

संक्षिप्त जोड्या

पाणी गोठणे × बर्फ वितळणे
तूप थिजणे × तूप पातळ होणे
मीठ खाली बसणे × मीठ विरघळणे
पाणी गढूळ होणे × पाणी निवळणे
ढग दाटणे × ढग विरणे
गाठ घट्ट होणे × गाठ सैल होणे
विहीर आटणे × विहीर भरणे
दही लागणे × दही मोडणे (मूळ दूध परत मिळत नाही)
रक्ताची गुठळी होणे × गुठळी विरघळणे
खाते गोठवणे × खाते खुले करणे
दूध नासणे × विरुद्धार्थी क्रियापद नाही